एकनळी बंदूक, बारा वर्षांचा मुलगा आणि व्हिसावरचा बाबा

पत्राचा गोषवारा: आम्ही मिशिगनमध्ये, ग्रँड रॅपिड्सपासून थोड्या अंतरावरच्या एका लहान गावात राहतो. मी आणि बायको दोघंही एच-वन-बी व्हिसावर, ग्रीन कार्डाची रांग काही संपत नाही. मुलगा इथेच जन्मला, आता बारा वर्षांचा आहे. त्याच्या जिवलग मित्राचे आजोबा दोन्ही पोरांना सप्टेंबरमध्ये खारी आणि सशांच्या शिकारीला न्यायचं म्हणतात. जमलं तर नोव्हेंबरात हरणाच्याही. मुलगा हरखून गेलाय. मी मूळचा कुडाळ तालुक्यातला, आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक होती, त्यामुळे मला यात काही वावगं वाटत नाही. वाढदिवसाला त्याला स्वतःची सिंगल-शॉट बंदूक घेऊन द्यावी असं मनात आहे. एका वेळी एकच बार, म्हणजे धोकाही कमी. प्रश्न एवढाच, की चारशे दहाची घ्यावी की वीस बोरची? ऑफिसातला एक जण म्हणतो लहान मुलाला लहान बोर. दुकानदार म्हणतो वीसच घ्या, मोठेपणीही चालेल. बायकोला हे सगळंच नको आहे. आई सध्या इथे आली आहे. ती म्हणते, खारीच्या पाठीवर रामाची बोटं आहेत, तिला मारायचं? तुम्ही बंदुकीचं तेवढं सांगा, घरच्यांचं मी बघतो.

उत्तर:

बंदुकीचं सांगते, आणि अगदी दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाच्या, मापापर्यंत सांगते. पण त्याआधी तुमच्या पत्रात सहज येऊन गेलेल्या एका गोष्टीपाशी थांबावं लागेल, कारण सगळं तिथेच अडणार आहे. ती गोष्ट म्हणजे तुमचा व्हिसा.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मुळातच मनाई आहे. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन, टूरिस्ट व्हिसावर आलेल्या तुमच्या आई, सगळे यात आले. बाळगणं म्हणजे नुसतं विकत घेणं नव्हे. कपाटात ठेवणं, गाडीच्या डिकीतून नेणं, नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने घेऊन चार बार काढणं, हे सगळं त्यात धरलं जातं. या मनाईला मोजके अपवाद आहेत आणि त्यातला एक तुमच्या कामाचा आहे. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने रीतसर दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना तुमच्याजवळ असेल, तर ही मनाई लागत नाही. परवान्याची मुदत संपली की सवलतही संपते. बंदूक मात्र कपाटात तशीच असते, आणि घोळ नेमका तिथे होतो. २०२२ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षं कैद अशी आहे. इतकी वर्षं रांगेत उभं राहून मिळणाऱ्या ग्रीन कार्डाचं काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

मुलगा अमेरिकन नागरिक आहे, त्याला ही अट नाही. पण १८ वर्षांखालच्या कोणालाही दुकानदार लांब नळीची बंदूक विकू शकत नाही. म्हणजे ‘त्याची स्वतःची’ बंदूक कागदावर तुमची असणार आणि तुमच्याच घरात राहणार. कपाटाची चावी बायकोच्याही जुडग्यात असेल, तर तिच्याकडे शिकारीचा परवाना आहे का, हा प्रश्न उद्या कोणी वकील विचारू शकतो. म्हणून तर ‘घरच्यांचं मी बघतो’ हे वाक्य मला चाललं नाही. या घरात बायकोची संमती हा नुसता मनधरणीचा विषय नाही.

तेव्हा क्रम उलटा करा. बंदूक शेवटी. आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी अर्धा तास बोलून घ्या, मग परवाना, आणि तोही आधी तुमचा. मिशिगनमध्ये १ जानेवारी १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीच्या साध्या परवान्यासाठी हंटर सेफ्टीचा कोर्स पूर्ण करावा लागतो. कोर्स न करता मिळणारा एक अ‍ॅप्रेंटिस परवानाही आहे, दोन हंगामांपुरता, पण त्यात २१ वर्षांवरचा पक्का परवानाधारक सोबत लागतो. माझं म्हणाल तर ती पळवाट धरू नका. बापलेक एकत्रच कोर्सला नाव घाला. पुस्तकी भाग ऑनलाइन उरकतो, मग प्रत्यक्ष मैदानावर शिकवतात. तिथे जाण्याआधी प्रशिक्षकाला आपण कोणत्या व्हिसावर आहोत ते सांगून ठेवा.

तुम्हाला हे थोडं लागेल, पण विचारतेच. आजोबांची बंदूक तुम्ही कधी चालवली होती का? पत्रात ती ‘होती’ एवढंच आहे. माझंही माहेर त्याच बाजूचं. त्या बंदुका मी पाहिल्या आहेत. पडवीतल्या खुंटीवर टांगलेल्या, भात पोटरीला आलं की रानडुकरांसाठी खाली उतरणाऱ्या, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा होणाऱ्या. त्या घरांतल्या पोरांना बंदुकीचं भय नसतं हे खरं. पण भय नसणं आणि माहिती असणं यात फरक आहे, आणि पोराला घेऊन रानात शिरणाऱ्या बापाकडे दुसरी गोष्ट हवी. मिशिगनमध्ये १० ते १६ वयाच्या मुलाला एकट्याने शिकारीला जाता येत नाही, आईवडील किंवा त्यांनी नेमलेला मोठा माणूस बरोबर लागतो. तो मोठा माणूस मित्राचे आजोबा असतील, तर त्यांच्याबरोबर एकदा तुम्ही स्वतः, बंदूक न घेता, चालून या. कुंपण ओलांडताना ते काय करतात बघा. गाडीत बसण्याआधी बंदूक रिकामी करून दाखवतात का? पोरगं नळी इकडेतिकडे फिरवायला लागलं तर गप्प बसतात की तिथल्या तिथे थांबवतात? दुपारच्या डब्याबरोबर बिअर असते का? कोणती बंदूक घ्यावी यापेक्षा या उत्तरांवर तुमच्या मुलाची सुरक्षितता जास्त अवलंबून आहे.

आता ‘एकच बार, म्हणजे धोका कमी’ याकडे वळू. हे इतक्या लोकांकडून ऐकलं आहे की यावर जरा सविस्तर लिहिते.

२०१३ साली केंटकी राज्यात पाच वर्षांच्या मुलाच्या हातून त्याची दोन वर्षांची बहीण गेली. ती रायफल लहान मुलांसाठी बनवलेली, सिंगल-शॉटच होती. त्याला भेट मिळालेली. घराच्या कोपऱ्यात उभी होती आणि आत एक काडतूस राहिलंय हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. अपघाताला एकच बार लागतो. तेव्हा सिंगल-शॉटच्या नावाखाली जो निर्धास्तपणा येतो, तो आधी डोक्यातून काढून टाका.

सिंगल-शॉटचा खरा फायदा वेगळाच आहे. कळ दाबली की ती बिजागरीवर मोडते, नळी खाली झुकते आणि मागचं भोक उघडं पडतं. वीस पावलांवरून आजोबांना दिसतं, की पोराच्या बंदुकीत काही नाही. चालताना मोडलेली, ओढा ओलांडताना मोडलेली, गप्पा मारताना मोडलेली, आणि सावज दिसून मोठ्या माणसाने मान हलवली की मगच काडतूस आत. शंकेला जागाच उरत नाही. शिवाय एकच बार मिळणार म्हटल्यावर पोरगं नेम धरायला शिकतं, नुसते बार काढत सुटत नाही. हे दोन गुण पुरेसे आहेत, तिसरा चिकटवायची गरज नाही.

तोटा घोड्याचा. बहुतेक एकनळी बंदुकांना बाहेर घोडा, म्हणजे काडतुसावर ठोका देणारा खटका, असतो. तो अंगठ्याने मागे ओढून चढवायचा आणि मग चाप. बार काढला तर प्रश्न नाही. पण खार फांदीआड गेली आणि बार काढायचाच नसेल, तर चढवलेला घोडा परत उतरवावा लागतो. म्हणजे अंगठ्याने घोडा घट्ट धरायचा, चाप दाबायचा आणि घोडा हळूहळू पुढे सोडायचा, आत जिवंत काडतूस असताना. ऑक्टोबरच्या सकाळी गारठलेला, हातमोज्यातला बारा वर्षांचा अंगठा डोळ्यांसमोर आणा. घोडा निसटला आणि चाप दाबलेलाच असला, तर बार उडतो. काही मॉडेलमध्ये घोडा चढलेला असताना बंदूक मोडताच येत नाही, त्यामुळे आधी मोडून मग उतरवायची सोयही नसते. म्हणून दुकानात गेलात की मुलाला रिकाम्या बंदुकीचा घोडा चढवायला आणि उतरवायला सांगा. नळी सुरक्षित दिशेला, दुकानदाराच्या परवानगीने, दहा वेळा. एकदाही घसरला तर ती बंदूक यंदा त्याच्यासाठी नाही. रडला तरी नाही.

त्याला पर्याय आहे आणि दुकानदार तो सहसा सुचवत नाहीत. लहान मापाची, वीस बोरची पंप बंदूक, म्हणजे नळीखालची मूठ मागेपुढे सरकवून काडतूस चढवायची बंदूक, घ्यायची आणि तिच्यात एका वेळी एकच काडतूस भरायचं. मॉसबर्गच्या पंप बंदुकीचा सेफ्टीचा खटका वरच्या बाजूला, अंगठ्याखाली येतो. डावखुऱ्या मुलालाही सोपा, आणि घोडा उतरवायची कसरत नाही. वजन थोडं जास्त असतं, पण त्याचा फायदाच होतो, तो पुढे सांगते. पहिला हंगाम ‘एकच काडतूस’ हा नियम ठेवा. बाकीची काडतुसं मोठ्या माणसाच्या खिशात.

बोरचा हिशेब उलटा चालतो हे तुम्हाला माहीत असेल. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोर. वीस केल्या तर वीस बोर, म्हणून वीस ही बारापेक्षा बारीक. चारशे दहा या हिशेबात नाहीच, ते सरळ नळीच्या व्यासाचं माप, ०.४१० इंच. त्यामुळे ती सगळ्यांत बारीक, धक्का सगळ्यांत कमी, आणि ‘लहान मुलाला लहान बोर’ हे तुमच्या ऑफिसातल्या माणसाचं म्हणणं ऐकायला पटतं. पण आत काय असतं ते बघा. चारशे दहाच्या अडीच इंची काडतुसात छर्रे साधारण १४ ग्रॅम, तीन इंचीत १९-२० ग्रॅम. वीस बोरच्या साध्या काडतुसात २५ ग्रॅमच्या आसपास. छर्रे कमी म्हणजे पसरल्यावर त्यांच्यात मोकळ्या जागा जास्त. मुरलेला शिकारी जवळ जाऊन, सावज स्थिर असताना, बरोबर डोक्यावर नेम धरून चारशे दहाने छान काम करतो. नवशिक्याचा नेम वीतभर चुकतो आणि खार दोन छर्रे घेऊन ढोलीत शिरते. मुलाच्या पहिल्या शिकारीची आठवण तीच राहते. काही मुलं त्यानंतर बंदुकीला हात लावत नाहीत, काहींना त्याचं काहीच वाटेनासं होतं, आणि मला दुसऱ्या प्रकाराची जास्त काळजी वाटते. त्यात चारशे दहाची काडतुसं महागही पडतात, म्हणजे सरावात हात आखडता घेतला जातो.

मग दुकानदाराचं बरोबर? अर्धंच. वीस बोर ठीक, पण पाच पौंडांच्या हलक्या एकनळी बंदुकीतून तेच काडतूस उडवलं तर खांद्याला बसणारा धक्का मोठ्या माणसालाही नकोसा होतो. बंदूक जितकी हलकी तितका धक्का जास्त. आईबाप नेमकी हलकी बंदूक शोधतात, कारण पोराला उचलायला बरी. मग दोन बार झाले की पोरगं चाप ओढण्याआधीच डोळे मिटायला लागतं, आणि ती सवय काढायला वर्षं जातात. म्हणून सहा पौंडांच्या आसपासची बंदूक, मागे रबराची जाड गादी आणि हलक्या भाराची काडतुसं, असा मेळ घाला. मुलगा अंगाने अगदीच बारीक असेल, तर चारशे दहा घ्यायला माझी ना नाही. पण मग नियम पक्का: बसलेली खार, वीस पावलांच्या आत, नाहीतर बार नाही.

या सगळ्याहून मोलाची गोष्ट म्हणजे माप. दस्ता लांब झाला की बंदूक खांद्यावर न बसता दंडावर बसते, मान पुढे ताणली जाते आणि धक्का गालाला बसतो. मोठ्यांच्या बंदुकीत दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंत चौदा इंचांच्या आसपास अंतर असतं. मुलांच्या बंदुकीत बारा-तेरा किंवा त्याहून कमी. ढोबळ परीक्षा अशी: कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या बाजूला टेकवायचं आणि तर्जनीचं पहिलं पेर चापापर्यंत सहज पोचतं का ते पाहायचं. हे करताना त्याच्या अंगात हिवाळी जाकीट असू द्या, कारण ते शिकारीतही असणार आहे. शाळेच्या गणवेशासारखी ‘वाढत्या अंगाची’ बंदूक घ्यायचा मोह आवरा. दस्त्याला जाडीच्या चकत्या घालून लांबी वाढवता येईल अशी मॉडेल मिळतात.

त्याचा डोळा कोणता तेही पाहून घ्या. दोन्ही हात पुढे ताणून पंजांमध्ये लहानसा त्रिकोण करायला सांगा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला लावा, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने घड्याळ जागच्या जागी दिसतं तो त्याचा नेमाचा डोळा. उजव्या हाताने लिहिणाऱ्या पुष्कळ मुलांचा तो डावा निघतो, आणि हे कोणी न पाहिल्यामुळे ती ‘नेम जमत नाही’ म्हणून बोलणी खातात.

पॉइंट बावीसची रायफल सुचवणारेही भेटतील. आवाज कमी, धक्का जवळजवळ नाहीच, रेंजवर कागदावर नेम शिकायला तिच्यासारखी दुसरी नाही. पण ती एवढीशी गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते. खारीवर वर झाडात नेम धरला आणि चुकला, तर ती कुठे उतरणार? बारीक छर्रे दोन-अडीचशे यार्डांत दम सोडतात. घरं-शेतं मिसळलेल्या तुमच्या भागात मी पहिल्या वर्षी छऱ्याचीच बंदूक देईन.

हरणाचं यंदा विसरा. हरणाच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी, १५ नोव्हेंबरला, मिशिगनमध्ये काय वातावरण असतं ते मला माहीत आहे, कित्येक शाळांना त्या दिवशी चक्क सुट्टी असते. पण हरणासाठी वीस बोरमध्ये जी अखंड गोळी घालतात, तिचा धक्का छऱ्यांच्या हलक्या काडतुसाहून खूपच जास्त. खारी-सशांचा एक हंगाम नीट पार पडू दे. हरणाला मुलगा यंदा नारिंगी जाकीट घालून आजोबांशेजारी नुसता बसला तरी चालेल. थंडीत चार तास न हलता बसणं जमतं का, तेही कळेल.

आणि आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर: यंदा कोणतीच विकत घेऊ नका. जिथे तीन पिढ्या शिकार करतात त्या घरात मुलांच्या मापाची एखादी बंदूक बहुधा असतेच, नातवंडं मोठी झाली म्हणून मागे पडलेली. मित्राच्या आजोबांना विचारा. त्यांच्या देखरेखीखाली, त्यांच्या बंदुकीवर हा हंगाम जाऊ दे. मार्चअखेर खारी-सशांचा हंगाम संपेल, तेव्हा तुम्हाला तीन गोष्टी कळलेल्या असतील: मुलाला शिकार आवडते की नुसता मित्र, त्याची उंची कुठवर गेली, आणि आजोबा कसे आहेत. बंदूक त्यानंतर घ्या. जुनी एकनळी घेणार असाल तर एच अँड आरची टॉपर पुष्कळ ठिकाणी मिळते, तिचं उत्पादन २०१५ मध्ये थांबलं तरी. नव्यात स्टीव्हन्स ३०१ किंवा हेन्री. फार जुनी असेल तर आधी गनस्मिथला दाखवा, कारण जुन्या घोड्यांना ठोका बसला तरी बार उडू नये अशी सोय नसू शकते. आणि ओळखीतल्या माणसाकडून घेतानाही मिशिगनमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून लांब नळीच्या बंदुकीला आधी पोलिसांकडून किंवा शेरीफकडून खरेदीचा परवाना काढावा लागतो. ‘अरे घेऊन जा, पैसे नंतर दे’ हे दिवस गेले.

वाढदिवसाला काहीतरी द्यायलाच हवं, तर कानावरचे चांगले मफ द्या. बंदुकीच्या एका आवाजाने कानाला कायमची इजा होऊ शकते, आणि ती पोरवयात झाली तर जन्मभर पुरते. सोबत डोळ्यांचा चष्मा आणि नारिंगी टोपी-जाकीट. शिकारीत नारिंगी कपडा कायद्यानेही लागतो. रेंजवर पहिल्या दिवशी पाच-सहा बार पुरे, हात दुखायच्या आत घरी. एक मोठा कागद वीस पावलांवर लावून त्यावर त्यालाच खारीएवढी खार काढायला सांगा आणि एक बार काढू द्या. मग दोघांनी मिळून त्या खारीत भोकं किती पडली ते मोजा. चारशे दहा आणि वीस बोर, दोन्हींनी हे केलंत तर माझे वरचे दोन परिच्छेद वाचायची गरजही नव्हती.

कुलूप. मिशिगनच्या २०२४ पासूनच्या कायद्याप्रमाणे घरात अल्पवयीन मूल असेल, तर लक्ष नसलेली बंदूक कुलपाच्या पेटीत किंवा रिकामी करून कुलूप लावूनच ठेवावी लागते. त्याच राज्यात ऑक्सफर्डच्या शाळेत ३० नोव्हेंबर २०२१ ला पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांचा जीव घेतला. ते पिस्तूल बापाने काही दिवसांपूर्वीच घेतलं होतं, मुलाला भेट म्हणून. २०२४ मध्ये आईबाप दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. तुमचा मुलगा तसा आहे असं मला सुचवायचं नाही. पण ‘त्याची बंदूक’ हा शब्दप्रयोग घरात वापरू नका. बंदूक बाबांची, पेटीची किल्ली बाबांकडे, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि मुलाचा मूड कितीही चांगला असला तरी किल्लीची जागा त्याला ठाऊक नाही. भाड्याच्या घरात असाल तर करारात बंदुकीबद्दल काय लिहिलंय तेही वाचा.

आता बायको. तिचा विरोध तुम्ही एका वाक्यात गुंडाळलात. तिला नेमकं काय नको आहे, हे विचारलंत का? घरात बंदूक नको, की जीव घेणं नको, की आपलं पोर आपल्याला न कळणाऱ्या जगात जातंय याची धास्ती? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. पहिल्याला उपाय आहे: बंदूक आजोबांच्याच घरी राहू दे, पुढेही. तिसऱ्यालाही आहे: तिने कोर्सला यावं, बंदूक न धरता ऐकावं, आजोबांना जेवायला बोलवावं. दुसऱ्याला मात्र उपाय नाही. तिथे तिचं म्हणणं खरंच ऐकून घ्यावं लागेल, आणि कदाचित मुलाला ‘अजून दोन वर्षं थांब’ म्हणावं लागेल. आभाळ कोसळणार नाही. शिकार चौदाव्या वर्षीही सुरू करता येते.

आईंना म्हणावं, इथे शिकार होते त्या मोठ्या खारींच्या पाठीवर पट्टे नसतात, रामाची बोटं आपल्याकडच्याच खारीवर. त्या हसतील, पण पटायचं नाही त्यांना, आणि पटायलाच हवं असंही नाही. ज्या देशात १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार म्हणजे बहुतेक गुन्हाच, तिथून त्या आल्या आहेत. इथे १९३७ पासून बंदुका आणि काडतुसांवरचा कर थेट वन्यजीवांच्या रक्षणासाठी जातो, हंगाम आणि संख्या ठरलेली असते, हे त्यांना सांगून बघा. पण खरा कस वेगळ्या ठिकाणी लागेल. मुलाने खार आणली तर ती सोलणार कोण आणि शिजवणार कोण? माझ्या मते नियम सरळ असावा: जो मारेल तो सोलेल, आणि जे मारलं ते खाल्लं जाईल. आईंच्या भांड्यात नको, तर बाहेर ग्रिलवर. मुलाला हे आधीच सांगा. हे ऐकून त्याचा उत्साह ओसरला तर एका बंदुकीचे पैसे वाचले.

हेच सगळं मुली असलेल्या वाचकांनाही लागू आहे. बंदुकीशी काही संबंध नसलेल्या आईबापांनी इतकं तरी करावं: मूल दुसऱ्याच्या घरी खेळायला जाण्याआधी ‘तुमच्याकडे बंदूक आहे का, कुलपात आहे का’ असं विचारावं. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सांगायला आपण लाजत नाही, तर हे विचारायला का लाजावं?

शेवटचं, जे कोणत्याही कोर्समध्ये शिकवणार नाहीत. शिकारीची पिशवी आणि जाकीट वेगळं ठेवा, त्यावर नाव घालून. भारतात जाताना घाईघाईत तीच बॅग भरली जाते, आणि तळाच्या कप्प्यात राहिलेलं एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर एक्स-रेत दिसतं. तिथे मग शस्त्रास्त्र कायद्याखाली पोलीस ठाणं, वकील, तारखा. ‘मिशिगनला खारी मारायला गेलो होतो’ हे उत्तर सहारच्या फौजदाराला कसं वाटेल, याचा अंदाज तुम्हालाच असेल.